समुद्राचा कानोसा

बंगळूर शहराला समुद्र नाही. पश्चिमेस मंगळूर आणि पूर्वेस चेन्नई, ही दोन्ही बंदरे तेथून सुमारे ३५० किलोमीटर दूर. आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले. तथापि भारतीय नौदलाच्या कित्येक जहाजांचे कान याच शहरात, जालहळ्ळीच्या कारखान्यात घडले. जहाजाला कान असतात हे विधान अलंकारिक वाटेल. परंतु पाण्याखाली डोळ्यांचा उपयोग फारसा नसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील अतिशयोक्ती नाहीशी होते. समुद्रात शेदोनशे मीटरांच्या खाली प्रकाश जवळजवळ पोचत नाही. रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात थोड्याच अंतरात विरून जातात. ध्वनी मात्र पाण्यातून हवेच्या चौपट वेगाने धावतो आणि शेकडो किलोमीटर टिकून राहतो. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलादाँ व स्टुर्म या दोघांनी बुडवलेली घंटा वाजवून आणि त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा उजेड करून हा वेग मोजला. तो सेकंदाला १४३५ मीटर भरला. समुद्रात तो साधारणतः १५०० मीटर धरतात.

द्रवपदार्थातील ध्वनीशी बंगळूरचा संबंध कारखान्याच्याही आधीचा आहे. १९३३ साली चंद्रशेखर वेंकट रामन तेथील भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले. सरकारी नोकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगण्यास हरकत नाही. १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे रामन सरकारच्या अर्थखात्यात हिशेबनीस अधिकारी होते. मधल्या काळात त्यांची बदली नागपूरलाही झाली होती. त्यांचे ध्वनीवरील आरंभीचे संशोधन कचेरीच्या वेळेआधी आणि वेळेनंतर झाले. बंगळुरास आल्यावर १९३५-३६ मध्ये त्यांनी नागेंद्रनाथ यांच्यासह एक लेखमाला लिहिली. कानाला न ऐकू येणाऱ्या अतिसूक्ष्म ध्वनिलहरी द्रवातून जात असता त्या द्रवातून जाणारा प्रकाश का विखुरतो, याचे गणित तीत मांडले आहे. पाणबुडीच्या शोधाशी या कामाचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. परंतु पाण्यातील ध्वनी हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे, ही जाणीव त्या शहरात तेव्हापासून रुजली होती.

१९५४ साली संरक्षण मंत्रालयाने एका फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात भारत इलेक्ट्रॉनिक्स हा कारखाना स्थापन केला. सैन्याला लागणारी संदेशयंत्रे देशात बनावीत हा त्याचा हेतू. पुढे आकाशवाणीची प्रक्षेपणयंत्रेही तेथे तयार झाली. तेव्हा त्या कारखान्याचा आवाज मराठी श्रोत्यांच्या घरात, त्यांच्या नकळत का होईना, पूर्वीच येऊन गेलेला आहे. पाण्याखालच्या कानांचे काम मात्र तेथे यायला एक दुर्घटना घडावी लागली.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या दोन फ्रिगेटी एका पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात फिरत होत्या. ‘हंगोर’ नावाची ती पाणबुडी फ्रेंच बनावटीची आणि त्या काळच्या मानाने नवी होती. शिकार करायला निघालेल्या जहाजांना पाणबुडीचा ठाव लागला नाही. पाणबुडीला मात्र त्यांचा लागला. तिने सोडलेला पहिला पाणतीर वाया गेला. दुसऱ्याने ‘खुकरी’चा वेध घेतला आणि काही मिनिटांत जहाज बुडाले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडण्याचे नाकारले.

या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात शौर्याला योग्य ते स्थानही मिळाले आहे. परंतु तिची एक बाजू शौर्याची नसून पदार्थविज्ञानाची आहे. ‘खुकरी’वरील सोनार ब्रिटिश घडणीचा होता. सोनार म्हणजे पाण्यात ध्वनीची हाक सोडून तिचा प्रतिध्वनी ऐकणारे यंत्र. उष्ण समुद्रात वरचे पाणी गरम आणि खालचे एकदम थंड असते. या दोन थरांच्या सीमेवर ध्वनीची वाट खाली वाकते, आणि थराखाली दडलेली पाणबुडी जवळ असूनही सापडत नाही. अमेरिकन नौदलाला हा अनुभव क्यूबाच्या किनाऱ्यावर १९३० च्या दशकातच आला होता. सकाळी नीट चालणारी यंत्रे ऊन चढले की दुपारी बहिरी होत. ज्या यंत्राची कल्पना थंड समुद्र समोर ठेवून केली, त्याने अरबी समुद्रात तेवढेच काम द्यावे ही अपेक्षा मुळातच चुकीची होती.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. जहाजाच्या तळाशी बसवलेल्या सोनारला सर्वांत मोठा त्रास त्याच्या स्वतःच्याच जहाजाचा होतो. पंखा फिरतो, यंत्रे धडधडतात, पाणी तळाला घासून जाते. वेग वाढला की हा सारा गोंगाट वाढतो आणि दुरून आलेला क्षीण प्रतिध्वनी त्यात बुडून जातो. ‘खुकरी’वर त्या वेळी सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी केलेल्या एका नव्या जोडणीची परीक्षा चालू होती, आणि तिच्यासाठी जहाज मंद गतीने चालवणे आवश्यक होते, अशी नौदलाच्या इतिहासात नोंद आहे. ऐकायचे तर हळू चालले पाहिजे, आणि हळू चालावे तर पाणतीर चुकवता येत नाही. अशा कात्रीत ते जहाज सापडले होते. मागाहून त्या निर्णयाला दोष देणे सोपे आहे. कान सुधारण्याचा प्रयत्न निदान कोणीतरी करत होते, हे सांगणे अधिक न्याय्य होईल.

त्या सुमारास दिल्लीच्या तंत्रज्ञान संस्थेत आरोग्यस्वामी पॉलराज नावाचा नौदलातील एक तरुण अधिकारी शिकत होता. त्याचा जन्म १९४४ चा, तमिळ प्रदेशातला. परंतु त्याची जडणघडण मराठी मुलखात झाली. पंधराव्या वर्षी तो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला, आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६६ मध्ये पदवीधर झाला. दिल्लीला त्याला पाठवले होते ते पदव्युत्तर शिक्षणासाठी. तेथील प्राध्यापक इंदिरेसन यांनी त्याची बुद्धी ओळखून त्याला संशोधनाकडे वळवले. थॉमस कैलाथ यांचे एक व्याख्यान त्याने तेथेच ऐकले. कैलाथ जन्माने पुण्याचे, पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ साली बाहेर पडलेले, आणि पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला प्राध्यापक झालेले. त्यांचा विषय एका वाक्यात सांगायचा तर गोंगाटातून अर्थ वेगळा काढण्याचे गणित. त्या व्याख्यानातून पॉलराज यांना स्वतःच्या संशोधनाची दिशा मिळाली.

‘खुकरी’ बुडाल्यानंतर नौदलाने जुन्या सोनारांच्या सुधारणेचे काम दिल्लीला दिले, आणि ते पॉलराज यांच्याकडे आले. तात्पुरता उपाय म्हणून ती सुधारणा उपयोगी ठरली. पण जुन्या यंत्राला ठिगळ लावून किती दिवस काढणार? संपूर्ण स्वदेशी सोनार बनवण्याचे काम पुढे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत हाती घेण्यात आले आणि १९७७ पासून पॉलराज यांनी त्याची धुरा वाहिली. यंत्राचे नाव ‘ॲप्सोह’. जुना हल्ल्याचा सोनार विजेरीच्या झोतासारखा एका वेळी एकाच दिशेस पाही. नवा एकाच वेळी चोहीकडचे ऐकणार होता. कोचीच्या शास्त्रज्ञांबरोबर बंगळूरच्या कारखान्यातील अभियंते या कामात होते, आणि उत्पादन जालहळ्ळीस झाले. माझगाव गोदीत बांधलेल्या ‘हिमगिरी’वर त्याच्या समुद्रातील परीक्षा १९८३ पर्यंत पार पडल्या. पुढे त्याच गोदीत तयार झालेल्या ‘गोदावरी’ वर्गातील जहाजांवर तो बसला. कान बंगळूरचे, शरीर मुंबईचे, अशी ती जहाजे. त्यानंतर ‘हंसा’, ‘पंचेंद्रिय’, ‘उषस्’ अशी एकापाठोपाठ एक यंत्रे त्याच दोन शहरांच्या सहकार्यातून निघाली.

आता या कानाची रचना थोडी पाहिली पाहिजे, कारण सारा प्रश्न तेथेच आहे. पाण्यातला ध्वनी ऐकणाऱ्या उपकरणाला हायड्रोफोन म्हणतात. त्याच्या पोटात विशिष्ट जातीच्या चिनी मातीसारख्या पदार्थाचा तुकडा असतो. त्यावर दाब पडला की सूक्ष्म वीज निर्माण होते. हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली स्फटिकांत शोधला, आणि पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो पाणबुडीच्या शोधासाठी राबवला. असा एकटा हायड्रोफोन सर्व दिशांचे सारखेच ऐकतो. आवाज आला एवढे त्याला कळते, कोठून आला ते कळत नाही. म्हणून अनेक हायड्रोफोन ठरावीक अंतरावर एका रांगेत बसवतात.

वारीच्या दिंडीत हेच घडताना दिसते. हजारो माणसांच्या बोलण्याचा कल्लोळ चालू असतो. परंतु शंभर टाळ एका ठेक्यात पडले की त्यांचा नाद त्या कल्लोळावर उमटतो, कारण टाळ एकमेकांना जोडून येतात आणि बोलणे तसे येत नाही. रांगेतील १६ हायड्रोफोनांचे संकेत जुळवून मिळवले तर हव्या त्या दिशेच्या ध्वनीची शक्ती २५६ पट होते, आणि असंबद्ध गोंगाटाची केवळ १६ पट. निव्वळ लाभ १६ पटींचा. डेसिबेलच्या भाषेत १२. दिशा बदलायची झाली तर रांग हलवावी लागत नाही. प्रत्येक हायड्रोफोनच्या संकेताला कमीअधिक विलंब लावला की पुरते.

दोन हायड्रोफोनांतील अंतर तरंगलांबीच्या निम्म्याहून अधिक असू नये, असा नियम आहे. सेकंदाला १००० कंपने असलेल्या ध्वनीची तरंगलांबी दीड मीटर, म्हणून अंतर ७५ सेंटिमीटर. त्याहून दूर बसवल्यास रांगेला भलत्याच दिशेला खोटा आवाज भासू लागतो. उलट १०० कंपनांचा खर्ज ऐकायचा तर तरंगलांबी १५ मीटर. तेव्हा १६ हायड्रोफोनांच्या रांगेची लांबी शंभर मीटरांच्या वर जाते. जहाजाच्या तळाशी एवढी जागा नसते. शिवाय १६ पटींचा तो हिशेब खरा ठरतो तो गोंगाट सर्व दिशांनी सारखा आणि विस्कळीत येत असेल तरच. समुद्र असा समंजस नाही. दूरवर चाललेल्या जहाजांचा घरघराट आडव्या दिशेने येतो, वारा आणि पाऊस यांचा आवाज वरून येतो. म्हणजे गोंगाट मोजण्यासाठी रांग हवी, आणि रांग कशी असावी हे गोंगाटाच्या स्वभावावर ठरते. हा पेच सोडवायचा एकच मार्ग असतो. आधी साधे उपकरण घेऊन समुद्रावर जावे, वर्षानुवर्षे नोंदी कराव्यात, आणि मग पुढची रांग आखावी.

हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते बहुधा मागे पडते. नव्या सोनारचे उद्‌घाटन होते. समुद्राच्या गोंगाटाच्या कोष्टकाचे कोणी करत नाही. अमेरिकेत नूडसेन आणि त्यांचे सहकारी यांनी युद्धकाळातील नोंदी १९४८ साली प्रसिद्ध केल्या. वेन्झ यांनी १९६२ मध्ये सर्व माहिती एका आलेखावर आणली आणि तो आलेख आजही वापरात आहे. काही शे कंपनांपर्यंतचा खर्ज जहाजांचा, त्यावरचा पट्टा वाऱ्याने फुटणाऱ्या लाटांचा, आणि लाखाच्या आसपास पाण्याच्या अणुरेणूंच्याच हालचालीचा, अशी त्याची ढोबळ मांडणी आहे. परंतु वेन्झ यांच्या समुद्रात कोकणचा पावसाळा नव्हता. बारीक पावसाचा थेंब पाण्यात शिरताना हवेचा चिमुकला बुडबुडा आत घेऊन जातो, आणि तो बुडबुडा सेकंदाला सुमारे १४ ते १५ हजार कंपनांचा आवाज करतो. आपल्या उथळ किनाऱ्यावर याखेरीज चुटकी वाजवणारी कोळंबी असते. बोटभर लांबीच्या या प्राण्यांचा समुदाय कढईत तेल तडतडावे तसा आवाज अहोरात्र करतो. दुसऱ्या महायुद्धात या आवाजाने सोनारवाल्यांना हैराण केले होते. तो नांगीच्या आपटण्याचा नसून नांगी मिटताना सुटलेल्या पाण्याच्या झोतातील बुडबुडा फुटल्याचा आहे, हे २००० साली सिद्ध झाले. घोळ आणि ढोमा हे आपल्या बाजारातले परिचित मासेही पोटातील हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोलासारखा आवाज काढतात.

भारतीय समुद्राच्या अशा नोंदींसाठी कोलकात्यात खास जहाज बांधले गेले आणि जुलै १९९४ मध्ये ते नौदलात आले. त्याचे नाव ‘सागरध्वनी’. सरकारी नामकरणात इतके नेमके नाव क्वचित सापडते. कोचीच्या प्रयोगशाळेसाठी ते काम करते आणि त्याची यंत्रे मुद्दाम शांत ठेवलेली आहेत. त्याच्या आदल्या वर्षी, १९९३ मध्ये, चेन्नईला राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था सुरू झाली होती. तिने जहाजाचाही आधार न घेता समुद्रतळाशी नांगरून ठेवता येणाऱ्या हायड्रोफोनांच्या उभ्या रांगा बनवल्या. उभी रांग वरून येणारा वाऱ्याचा आवाज आणि आडवा येणारा जहाजांचा आवाज वेगवेगळा मोजू शकते.

अशा रांगेची खरी परीक्षा गणितात नसून दोरात असते. प्रवाहात ताणलेला दोर वाऱ्यातल्या तारायंत्राच्या तारेप्रमाणे घुमू लागतो, आणि यंत्र समुद्राऐवजी स्वतःचाच दोर मोजत बसते. म्हणून दोराला झालरीसारखे धागे लावून प्रवाह मोडतात. वरचा बोया लाटांच्या पट्ट्याखाली बुडता ठेवावा लागतो. कारण हायड्रोफोन एक सेंटिमीटर वरखाली झाला तरी पाण्याच्या दाबात होणारा फरक शांत समुद्राच्या कुजबुजीपेक्षा हजारो पटींनी मोठा असतो. हायड्रोफोनच्या विद्युत्‌मंडलाचा स्वतःचा खरखराट समुद्राच्या नीचतम आवाजाच्या खाली राहिला पाहिजे. पाठवण्याआधी प्रत्येक हायड्रोफोन हौदात पारखून घ्यावा लागतो. १६ पैकी एकाची संवेदनक्षमता घसरली तरी सारी रांग बिघडते. एवढे करून मासेमारीच्या ट्रॉलरचे जाळे त्यात अडकले की महिन्यांची मेहनत जाते. हिशेबाच्या बाबतीतही एक सावधगिरी आवश्यक आहे. हवेतील डेसिबेलचे मूळ माप २० मायक्रोपास्कल, पाण्यातील १ मायक्रोपास्कल. वृत्तपत्रांतून पाण्यातील आकडे घेऊन त्यांची तुलना रस्त्यावरील कर्ण्याशी केली जाते, ती म्हणूनच निरर्थक असते.

२०१४ च्या जुलैत चेन्नईच्या संस्थेने उत्तर ध्रुवापासून सुमारे ११०० किलोमीटरांवर, नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटांच्या एका खाडीत १९२ मीटर खोलीवर आपली उपकरणे नांगरली. त्यांतील हायड्रोफोनने वितळणाऱ्या हिमनद्यांचा आवाज नोंदला.

पॉलराज मात्र तोवर या क्षेत्रातून दूर गेले होते. १९८६ नंतरची त्यांची भारतातील काही वर्षे बंगळुरातच गेली. तेथील कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्राचे ते पहिले संचालक होते, आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधनशाळेतही त्यांनी काम केले. १९९१ मध्ये नौदल सोडून ते स्टॅनफर्डला कैलाथ यांच्याकडे गेले. एकाच जागी आलेले अनेक संकेत रांगेच्या साहाय्याने दिशेनुसार वेगळे करता येतात, हे ज्ञान त्यांनी पाण्यातून हवेत नेले. एका अँटेनाऐवजी अनेक अँटेना वापरून त्याच रेडिओपट्ट्यातून अनेक संदेश एकदम पाठवण्याच्या त्यांच्या व कैलाथ यांच्या कल्पनेला १९९४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. आजचे मोबाइल फोन याच तत्त्वावर चालतात.

इकडे समुद्र अधिकाधिक गोंगाटाचा होत चालला आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकातील नोंदी आणि २००३-०४ च्या नोंदी एकाच ठिकाणी ताडून पाहिल्या, तेव्हा ३० ते ५० कंपनांच्या पट्ट्यातील आवाज १० ते १२ डेसिबेलांनी, म्हणजे शक्तीच्या दृष्टीने दहा पटींहून अधिक, वाढलेला आढळला. जहाजांची वाढलेली संख्या आणि वेग हे त्याचे मुख्य कारण. ही तुलना शक्य झाली ती चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी शांतपणे आकडे लिहून ठेवले म्हणून. आपल्या किनाऱ्यासाठी इतक्या जुन्या नोंदी हाताशी असत्या, तर मुंबई बंदराच्या वाढीचा परिणामही असाच सांगता आला असता.

जहाजांचा हा खर्ज आणि मोठ्या देवमाशांचा स्वर एकाच पट्ट्यात येतात. अरबी समुद्रातील कुबड्या देवमासे संख्येने फार थोडे उरले आहेत. इतर समुद्रांतील त्यांचे भाऊबंद दर वर्षी ध्रुवाकडे जातात. हे मात्र येथून हलत नाहीत. गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्यात सोडून ठेवलेल्या हायड्रोफोनच्या नोंदी संशोधकांनी गेल्या दशकात तपासल्या, तेव्हा कोळंबीच्या तडतडीमागे या देवमाशांच्या नरांचे गायन त्यांना ऐकू आले.